संगीतनिर्मितीचा लॅपटॉप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगीतनिर्मितीसाठी ‘प्रो’ नावाचाच लॅपटॉप लागतो, हा समज एके काळी बराचसा खरा होता. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने मॅकबुक एअर आणि १३ इंची मॅकबुक प्रो या दोन्हींत एम१ चिप बसवली आणि त्या समजाचा आधार गेला. त्या दोन्हींत मोठा फरक उरला तो पंख्याचा. एअरमध्ये पंखा नाही. बराच वेळ पूर्ण ताण पडला की चिप तापते आणि स्वतःचा वेग कमी करते. ही उणीव खरी आहे. पण घरच्या खोलीत माइक लावून गाणं ध्वनिमुद्रित करायचं असेल, तर तीच जमेची बाजू ठरते. तानपुऱ्याच्या विरत जाणाऱ्या नादात पंख्याची घरघर लपत नाही.

महागड्या लॅपटॉपवर आवाज अधिक चांगला येतो, हे तर साफ चूक. लॅपटॉप आकडेमोड करतो; दर्जा ठरतो गळा, खोली, माइक आणि ऑडिओ इंटरफेस यांवर.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला की गायक लॅपटॉपला दोष देतात. कारण बहुधा बफर असतो, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले, तर १२८ सॅम्पलचा बफर सुमारे २.९ मिलिसेकंदांचा होतो आणि १,०२४चा सुमारे २३चा. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी बफर लहान ठेवावा, मिक्सिंगला मोठा. ताकदवान चिपचा फायदा इतकाच, की लहान बफरवरही ती जास्त प्लगइन पेलते.

पैसे खर्चायचे ते रॅमवर. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला जेमतेम ८.६ एमबी जागा घेतो; गळा, पेटी आणि तबला यांचं ध्वनिमुद्रण हलका लॅपटॉप सहज करतो. रॅम भरते ती वाद्यवृंदाच्या सॅम्पल लायब्ररींनी. शिवाय एअर असो वा प्रो, ती नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नये.

प्रो घ्यावा तो चित्रपटाचं पार्श्वसंगीत, शेकडो ट्रॅक, तासन्‌तास चालणारं मिक्सिंग अशा कामांसाठी. तिथे मोठ्या प्रो मॉडेलांचे जास्त कोअर, पंखा आणि जादा पोर्ट रोज उपयोगी पडतात. ग्राफिक्सच्या ताकदीचा मात्र बहुतेक ऑडिओ प्लगइनना काहीच उपयोग नसतो.