महाविद्यालयीन खेळाडूंचा व्यावसायिक संघप्रवेश : ‘ड्राफ्ट’ पद्धतीचे स्वरूप आणि महाराष्ट्रातील अनुभव

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या मैदानावर चमकलेला खेळाडू पदवीनंतर कोठे जातो, हा प्रश्न आपल्याकडे क्रीडा विभागाच्या अहवालात क्वचितच विचारला जातो. आंतरविद्यापीठ स्पर्धेतील सहभाग, रंगबहुमान आणि प्रोत्साहनपर गुण येथे त्याची नोंद संपते. अमेरिकेत मात्र याच टप्प्यावर एक औपचारिक व्यवस्था उभी आहे. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. मराठीत तिचे वर्णन ‘क्रमवार निवड’ असे करता येईल. भारतात व्यावसायिक लीग सुरू झाल्यावर ही पद्धती आपल्याकडेही आली. फुटबॉलमध्ये ती अल्पकाळ टिकली आणि पुढे खो-खोसारख्या मराठी मातीतल्या खेळाने ती स्वीकारली. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे कार्य आणि महाराष्ट्रातील तिचा अनुभव यांचा विचार केला आहे.

ड्राफ्ट म्हणजे काय

लिलावात ज्याची बोली मोठी, खेळाडू त्याचा. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात आणि साधारणतः मागील हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला प्रथम निवडीचा मान मिळतो. श्रीमंत संघाने सर्व गुणी खेळाडू पळवू नयेत आणि स्पर्धा एकतर्फी होऊ नये, हा त्यामागील हेतू. दुसरा हेतू कमी बोलला जातो : संघ एकमेकांशी चढाओढ करीत नसल्याने नवोदितांचे मानधन आटोक्यात राहते.

या पद्धतीचा उगम अमेरिकी फुटबॉलमध्ये आहे. फिलाडेल्फिया ईगल्सचे बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये ती सुचविली आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर हा पहिला निवडलेला खेळाडू. गंमत अशी, की तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. निवडीमुळे संघाला मिळतो तो केवळ खेळाडूशी वाटाघाटी करण्याचा हक्क. करार ही त्यापुढील स्वतंत्र पायरी होय. हा भेद आजही नवोदितांच्या ध्यानात येत नाही.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाची मेजर लीग सॉकर ही अमेरिकी स्पर्धा १९९६ मध्ये सुरू झाली. तिच्यात खेळाडूंचे करार संघाशी नव्हे, तर लीगशी होतात, त्यामुळे क्रमवार निवड तेथे सहज बसली. २००० पासून ती ‘सुपरड्राफ्ट’ या नावाने होते. विद्यापीठीय हंगाम संपला की संघांचे निरीक्षक आपल्या याद्या घेऊन बसतात. काही गुणी विद्यार्थ्यांना पदवी पूर्ण होण्याआधीच लीग करारबद्ध करते. २००४ मध्ये फर्मन विद्यापीठातून आठव्या क्रमांकावर निवडलेला क्लिंट डेम्प्सी पुढे इंग्लंडमधील फुलहॅमकडून खेळला व अमेरिकेचा कर्णधार झाला. परंतु २००८ नंतर संघांना स्वतःच्या अकादमीतील खेळाडू ड्राफ्टविना थेट घेण्याची मुभा मिळाली आणि या दाराचे महत्त्व ओसरू लागले. २०२१ पासून फेऱ्या तीनवर आल्या. महिलांच्या राष्ट्रीय लीगने तर २०२४ मध्ये खेळाडू संघटनेशी करार करून ड्राफ्ट रद्दच केला. कोणत्या शहरात राहून खेळायचे हे खेळाडूनेच ठरवावे, ही भूमिका तेथे मान्य झाली.

मुंबईतील प्रयोग

इंडियन सुपर लीगचा पहिला देशांतर्गत ड्राफ्ट जुलै २०१४ मध्ये मुंबईत झाला. ८४ भारतीय खेळाडूंची त्यात निवड झाली. त्यांची मानधने आधीच ठरलेली होती. पुढच्याच वर्षी निवडक दहा खेळाडूंचा लिलाव झाला. त्यात मुंबई सिटीने सुनील छेत्री यांना १ कोटी २० लाख रुपये दिले. २०१७ चा ड्राफ्ट शेवटचा ठरला. त्यानंतर संघ थेट करार करू लागले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की या ड्राफ्टमध्ये विद्यापीठाचा संबंध नव्हता. खेळाडू क्लबांमधून आले होते. पद्धतीचे नाव अमेरिकी असले, तरी ज्या महाविद्यालयीन पायावर ती उभी राहिली तो पाया येथे नव्हता.

खो-खोचा ड्राफ्ट

अल्टिमेट खो-खो या लीगचा ड्राफ्ट जुलै २०२२ मध्ये पुण्यात झाला. सहा संघ होते : चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान आणि तेलुगू योद्धाज. खेळाडूंचे चार गट करण्यात आले आणि गटानुसार मानधन निश्चित झाले. सर्वोच्च गटास पाच लाख, सर्वांत खालच्या गटास एक लाख रुपये. १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या काळात बालेवाडीत स्पर्धा झाली आणि ओडिशाने तेलुगू संघाला ४६-४५ असे एका गुणाने हरविले. एका सामन्यावरून समतोल सिद्ध होत नाही, हे खरे. तरी ड्राफ्टच्या समर्थकांना याहून चांगला निकाल मागता आला नसता.

शेजारच्या कबड्डीचा मार्ग वेगळा आहे. प्रो कबड्डीमध्ये २०१४ पासून लिलाव होतो. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले. एका हंगामानंतर तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. गटनिहाय मानधनाच्या ड्राफ्टमध्ये अशी झेप संभवत नाही. उलट, लिलावात तळाच्या खेळाडूला ‘विकला गेला नाही’ हा शिक्का सोसावा लागतो, तर ड्राफ्टमध्ये निवड झालेल्या प्रत्येकाला किमान रक्कम आधीच माहीत असते. ड्राफ्ट दुर्बल संघास आणि मध्यम खेळाडूस अनुकूल, तर असामान्य खेळाडूस प्रतिकूल, असे यावरून म्हणता येते.

महाविद्यालयाचे स्थान

शेगाव, खामगाव, मलकापूर परिसरातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. येथील खेळाडू आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठ संघात व तेथून ‘अश्वमेध’ किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पोहोचतो. खो-खो लीगची वाट मात्र या मार्गाला लागून जात नाही. ती जिल्हा संघटना, राज्य संघ आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा अशी जाते. केवळ विद्यापीठाचे प्रमाणपत्र हाती असलेला खेळाडू निवडकर्त्यांच्या यादीत सहसा दिसत नाही. क्रीडा संचालकांनी जिल्हा संघटनेशी संबंध राखणे आणि गुणी विद्यार्थ्याची तेथे पहिल्याच वर्षी नोंदणी करून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. लीगचा पहिला हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तर दुसरा २४ डिसेंबर २०२३ ते १३ जानेवारी २०२४ या काळात कटकला झाला. हे दिवस अध्यापन, सत्र परीक्षा व आंतरविद्यापीठ स्पर्धांचेही असतात. उपस्थिती व अंतर्गत गुणांबाबत आगाऊ लेखी निर्णय नसल्यास तीन आठवड्यांच्या स्पर्धेसाठी विद्यार्थ्याचे एक सत्र वाया जाऊ शकते. एक लाखाचे मानधन शेतकरी कुटुंबाला मोठे वाटते. पण ते एका हंगामाचे असते, पुढील हंगामाची हमी त्यात नसते. दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोणाचा आणि संघ किती काळ खेळाडूवर हक्क ठेवतो, ही कलमे करारावर सही होण्यापूर्वी कोणी जाणत्याने वाचून दाखविली पाहिजेत. गावाकडच्या बहुतेक घरांत असा जाणता म्हणजे महाविद्यालयातील प्राध्यापकच.

विद्यार्थिनींचा प्रश्न अधिक कठीण आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरविले. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. वाईकर तेलुगू योद्धाजचाही कर्णधार होता. लीगच्या पहिल्या दोन्ही हंगामांत महिलांचे संघच नसल्याने इंगळेसाठी तसा ड्राफ्ट झाला नाही. राज्य शासनाच्या सेवेतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण हीच खो-खोतील बहुसंख्य मुलींच्या दृष्टीने उपजीविकेची जवळची वाट आहे, आणि त्या आरक्षणासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रांची पडताळणी वेळेत व्हावी यासाठी विद्यार्थिनी महाविद्यालयात असतानाच तयारी करावी लागते.