सरकीचं तेल, जवसाची चटणी आणि परतून येणारं नैराश्य

केळापूर तालुक्यात उदासीचं कारण विचारलं, की उत्तर शेतातून येतं: कापसाचा भाव, बोंडअळी, कर्ज. ते खरंच आहे. पण एकाच कर्जाखालच्या दोन भावांपैकी एक सावरतो आणि दुसरा पुन्हा पुन्हा अंथरूण धरतो, तेव्हा रक्ताकडेही पाहावं असं मला मनापासून वाटतं. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी निम्म्यांना तरी ते पुन्हा गाठतं.

डाळ-भाकरीतून मेथिओनिन मिळतं. शरीर ते वापरतं तेव्हा मागे होमोसिस्टीन उरतं आणि त्याचं परत मेथिओनिन होतं. हा रहाट फिरता ठेवायला बी-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं लागतात. ती कमी पडली की होमोसिस्टीन रक्तात साचतं. मेंदूतली रसायनं घडवायला याच रहाटाचा हातभार लागतो. डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल यकृतातून मेंदूपर्यंत नेणारे स्निग्ध रेणूही त्याच्याच जोरावर बनतात. म्हणून होमोसिस्टीन आणि डीएचए हे दोन आकडे एकत्र पाहायचे.

२००४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी ते तसे पाहिले. वारंवार नैराश्य येणाऱ्यांच्या तांबड्या पेशींत डीएचए कमी आढळलं. अभ्यास लहान होता. आजारानं जेवण बिघडलं की जेवणानं आजार आला, हे अशा एका मोजणीतून ठरत नाही.

आपल्याकडचा आकडा अधिक बोलका आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं, ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन जास्त. ही माणसं नैराश्याचे रुग्ण म्हणून निवडलेली नव्हती. म्हणजे वाढलेलं होमोसिस्टीन हे नैराश्याचं निदान नव्हे. मात्र ज्याला हा आजार आहे, त्याच्यातही ही उणीव असण्याची शक्यता मोठी, आणि ती भरून काढता येते.

मेदाम्लांची गोष्ट इथल्या फोडणीतच आहे. विदर्भात जवस रब्बीत पिकतो, त्याची चटणी घरोघरी होते. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असतं, सरकीच्या तेलात जवळपास नाहीच. तरी जवसातल्या ओमेगा-३पासून शरीर डीएचए फारच थोडं बनवतं. ते थेट मिळतं माशांतून. बी-१२ तर जवसात नाही आणि पालेभाजीतही नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबाबत घाई नको. २०००च्या एका ब्रिटिश चाचणीत फ्लुओक्सेटिन या नैराश्याच्या औषधासोबत रोज ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट, दिलं, तेव्हा स्त्रियांना स्पष्ट फायदा झाला, पुरुषांना तसा नाही. त्यांचं होमोसिस्टीनही फारसं उतरलं नाही. शिवाय बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं, तर रक्तक्षय झाकला जातो आणि नसांची हानी आतून चालूच राहते. म्हणून आधी बी-१२ची तपासणी. आणि डॉक्टरांनी दिलेली नैराश्याची गोळी तोवर चालूच.