भर उन्हाळ्यात कुंडलिकेला पाणी येतं कुठून?

मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक छोट्या नद्यांत दगडगोटेच उरतात. मग रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिकेवर तेव्हाही राफ्टिंग कसं चालतं?

उत्तर सह्याद्रीच्या पलीकडे आहे. पुणे जिल्ह्यातलं मुळशी धरण मुळा नदीवर बांधलंय. मुळा पूर्वेला वाहते, तिचं पाणी भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायला हवं. पण टाटांच्या वीजप्रकल्पासाठी ते पश्चिमेला वळवलं गेलं. घाटमाथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली उतरून ते भिऱ्याच्या वीजघरातली टर्बाइन्स फिरवतं आणि मग कुंडलिकेच्या खोऱ्यात येतं. भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. मुंबईला वीज देऊन झालेलं हे पाणी शेवटी रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं.

म्हणजे राफ्टिंगचं वेळापत्रक पावसावर नाही, तर पाणी कधी सुटतं यावर ठरतं. ते साधारण सकाळी सुटतं, म्हणून कोलाडला सकाळी लवकर बोलावतात. उशिरा पोहोचणाऱ्यासाठी नदी थांबत नाही. पाणी ओसरलं की खडक वर येतात आणि राफ्ट अडकते.

प्रवाहाच्या अवघडपणाच्या सहा श्रेणी मानल्या जातात. कुंडलिका साधारण दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत मोडते, त्यामुळे नवख्यांना ती झेपते. पोहता येत नसलं तरी चालतं, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसलं असेल तरच. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. राफ्टमधून पडल्यावर सगळ्यात घातक चूक म्हणजे वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करणं. पाय खडकांच्या फटीत अडकला तर मागून येणारा प्रवाह माणसाला आडवा करतो, आणि मग कंबरभर पाणीही जीव घ्यायला पुरेसं असतं. म्हणून उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवायचे.

खरी भीती मात्र राफ्टमध्ये बसलेल्यांपेक्षा काठावर सहलीला आलेल्यांना जास्त. वर ऊन, आभाळ कोरडं, नदीत घोटाभर पाणी. अशा वेळी पाणी वाढेल हे मनातही येत नाही. पण इथे पाणी वाढायला पाऊस लागत नाही. पात्रात उतरण्याआधी गावातल्या माणसाला पाणी सुटण्याची वेळ विचारलेली बरी.

या पाण्याला एक जुनी किंमतही आहे. धरणात जमिनी जाणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे नेते झाले. धरण झालंच. आता भीमा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांसाठी हे पाणी पुन्हा पूर्वेला सोडावं, अशी मागणी होते. ती मान्य झाली, तर कुंडलिकेचा उन्हाळी प्रवाह आटेल आणि त्यावर चालणारा कोलाडचा धंदाही अडचणीत येईल.