एक एकर की तीन? कायद्याच्या तारखा कशा वाचायच्या

कौटुंबिक दावे चालवणाऱ्या वकिलांकडे विधीचा विद्यार्थी इंटर्न म्हणून रुजू झाला, की बहुतेक वेळा त्याच्या हाती कायद्यांची नोंदवही येते. विधेयक कधी मांडलं, मंजूर कधी झालं, लागू कधी झालं, एवढंच तर टिपायचं! काम कारकुनी वाटतं खरं. म्हणून आपण खंडाळा तालुक्यातलं एक उदाहरण कल्पून बघू.

समजा, शिरवळजवळच्या गावातली एक बाई. लग्न १९८९ चं. वडिलोपार्जित जमीन नऊ एकर, दोन भाऊ. आई आधीच गेलेली, वडील २००२ साली वारले, वाटणी झालेली नाही. हायवे आणि एमआयडीसीमुळे जमिनीला भाव आलाय, आणि भाऊ म्हणतायत, "ताई, हक्कसोडपत्रावर सही कर." ती विचारते, मी नेमकं सोडतेय किती?

आता बघा. जुन्या हिशेबाने वडील आणि दोन मुलगे यांचे तीन-तीन एकर. वडिलांच्या तीन एकरांचे तिन्ही भावंडांत वाटे, म्हणजे ताईला एक एकर. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केलं, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. एकच एकर. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली, तिच्यात लग्नाची अट नाही. इथे इंटर्न खूश होतो. पण २०१५ च्या फुलवती निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, त्या दिवशी वडील हयात हवेत. पुन्हा एक एकर! ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत रद्द ठरवलं. मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील हयात असण्याची गरज नाही. आता तिघांना सारखे, तीन-तीन एकर.

कायद्याचे शब्द २००५ नंतर बदललेच नाहीत, बदलला तो अर्थ. नुसतं राजपत्र पाहणाऱ्याला हे कळणार नाही. वहीत निकालांचा रकाना हवाच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अजून एक तारीख सुटते. २० डिसेंबर २००४, विधेयक राज्यसभेत मांडलं तो दिवस. त्याआधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी कायम राहते. मग भाऊ म्हणणार, "आमची तोंडी वाटणी झाली होती." गावोगाव हेच ऐकू येतं. विनीता शर्मा निकालानुसार नुसती तोंडी वाटणी मानायची नाही. अपवाद म्हणून मानायचीच तर सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो. म्हणून इंटर्नने टिपण लिहिण्याआधी सातबाऱ्याबरोबर जुने फेरफारही काढायचे, वडिलांच्या वारसनोंदीपासून मागे जात. आणि ताईंना आधी सांगायचं, हे कागद हाती येईपर्यंत सही थांबवा.