मेस्यां, ऑलिव्ह्ये
(१० डिसेंबर १९०८–२७ एप्रिल १९९२). विख्यात फ्रेंच संगीतरचनाकार, ऑर्गनवादक व संगीतशिक्षक. जन्म आव्हीन्यों येथे. वडील प्येर हे इंग्रजीचे अध्यापक व शेक्सपिअरचे अनुवादक, तर आई सेसील सोव्हाज ही कवयित्री होती. १९१९ मध्ये त्याने पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे त्याने मार्सेल द्यूप्रेकडे ऑर्गनवादनाचे व पॉल द्यूकाकडे संगीतरचनेचे शिक्षण घेतले. १९३१ मध्ये पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये त्याची ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली. हे काम त्याने अखेरपर्यंत केले.

मेस्यां श्रद्धावान कॅथलिक होता. अनंतत्वाची कल्पना कालबद्ध अशा संगीतातून कशी व्यक्त करावी, हा त्याच्या रचनांमागील मध्यवर्ती प्रश्न होय. समान मात्रांच्या ठराविक गटांत चालणारी यूरोपीय लय त्याला अपुरी वाटे. लाव्हीन्याकच्या फ्रेंच संगीतकोशातील भारतावरील लेखात त्याला शार्ङ्‌गदेवाच्या संगीतरत्नाकरातील १२० देशी तालांची यादी आढळली. हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या (सध्याचे दौलताबाद) यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने रचला गेला होता.

भारतीय संगीतात ताल आवर्तनाने चालतो व समेवर परततो. मेस्यांने हा व्यवहार स्वीकारला नाही. राग किंवा ठेका यांना त्याच्या रचनांत स्थान नाही. तालातील लघु-गुरू कालमूल्यांचे परस्परप्रमाण तेवढे त्याने घेतले. त्यामुळे या रचनांना भारतीय व पाश्चात्त्य संगीताचा मिलाफ म्हणणे यथार्थ ठरत नाही. गुरू-लघू-गुरू असा ढेंकी ताल उलट क्रमाने वाचला, तरी तोच राहतो. अशा सममित लयबंधांचे त्याला विशेष आकर्षण होते. त्यांची मीमांसा त्याने आपल्या संगीतभाषेवरील ग्रंथात (१९४४) केली आहे.

दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये तो जर्मनांच्या हाती सापडला व गर्लिट्‌स येथील युद्धकैद्यांच्या छावणीत त्याची रवानगी झाली. तेथे त्याने पियानो, व्हायोलिन, क्लॅरिनेट व चेलो यांसाठी क्वात्यूऑर पूर ला फँ द्यू ताँ (म. शी. काळाच्या अंतासाठी चतुष्टक) ही रचना पूर्ण केली. १५ जानेवारी १९४१ रोजी तीन सहबंदिवानांसह त्याने ती कैद्यांपुढे व पहारेकऱ्यांपुढे सादर केली. तिच्या पहिल्या भागात पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश हे तीन ताल जोडून सिद्ध केलेली असून तिच्यात १७ कालमूल्ये आहेत. स्वरमेळांची मालिका मात्र २९ ची आहे. दोन्ही मालिका एकाच वेळी आरंभबिंदूशी यायला ४९३ कालमूल्ये लागतात. हा भाग त्याआधीच थांबतो. परिणामी एका न संपणाऱ्या चक्राचा केवळ अंश आपण ऐकत आहोत, असा प्रत्यय येतो. शीर्षकातील ‘काळाचा अंत’ असा रचनेच्या बांधणीतच उतरला आहे.

सुटकेनंतर १९४१ पासून १९७८ पर्यंत त्याने पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात अध्यापन केले. प्येर बूलेझ, कार्लहाइन्त्स स्टॉकहाउझेन व यानिस झेनाकिस हे त्याचे प्रसिद्ध विद्यार्थी होत. यादीतील एका तालाचे नाव त्याने तुरंगलीला या दहा भागांच्या सिंफनीला दिले. तिचा पहिला प्रयोग १९४९ मध्ये बॉस्टन येथे लेनर्ड बर्नस्टाइनच्या संचालनाखाली झाला. त्यात पियानो वाजविणारी ईव्हॉन लॉर्यो (१९२४–२०१०) ही त्याची विद्यार्थिनी होती. १९६१ मध्ये त्यांचा विवाह झाला. तिचे असामान्य वादनकौशल्य ध्यानात घेऊनच त्याने आपल्या बहुतेक उत्तरकालीन पियानोरचना केल्या. पक्ष्यांची गाणी रानात ऐकून त्यांचे तो स्वरलेखन करी. त्यांतून काटालॉग द्वाझो (१९५६–५८) हा १३ पियानोरचनांचा संग्रह तयार झाला. संत फ्रान्सिसवरील त्याची एकमेव ऑपेरा १९८३ मध्ये पॅरिस येथे सादर झाली. त्याची अखेरची मोठी वाद्यवृंदरचना मुंबईत जन्मलेले संचालक झुबिन मेहता यांनी त्याच्या मृत्यूनंतर, नोव्हेंबर १९९२ मध्ये, न्यूयॉर्क येथे प्रथम सादर केली.

मेस्यांने देशी ताल गुरुमुखातून नव्हे, तर एका कोशातून आत्मसात केले. ही त्याच्या भारतीय संगीतज्ञानाची मर्यादा होय. तथापि प्रचारातून बव्हंशी लोपलेल्या त्या तालांना विसाव्या शतकातील यूरोपीय संगीतात नवा अर्थ त्याच्यामुळेच प्राप्त झाला.