उत्तरार्धाचा कारभार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलांची शिक्षणे मार्गी लागली, नोकरी-धंद्यात जो काय जम बसायचा तो बसला, आईवडील थकले, आणि तरीही ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, अशा वयात माणूस बहुधा ऐकीव समजुतींवर भिस्त ठेवतो. त्यांपैकी काहींचा निवाडा इंदूरच्या इतिहासाला साक्षीस ठेवून करता येतो.

गैरसमज : चाळिशीत प्रत्येकाच्या मनात वादळ उठतेच.
वस्तुस्थिती : ही कल्पना रूढ झाली ती मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांच्या १९६५ सालच्या निबंधामुळे, आणि त्याचा मुख्य आधार होता थोर कलावंतांची चरित्रे. पुढे अमेरिकेत सामान्य स्त्रीपुरुषांकडे चौकशी झाली, तेव्हा असा पेच अनुभवल्याचे सुमारे चौथ्या हिश्श्यानेच सांगितले; त्यांतही पुष्कळांच्या बाबतीत कारण वय नसून आयुष्यातले आघात होते. मात्र झोप, भूक आणि उमेद कित्येक आठवडे हरपलेली असेल, तर तो वयाचा धर्म समजून अंगावर काढू नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा.

गैरसमज : मागचे सारे पुसून नवा डाव मांडल्याखेरीज आयुष्याला अर्थ येत नाही.
वस्तुस्थिती : पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडलेले, सासरे मल्हारराव १७६६ साली निवर्तलेले, आणि त्यानंतर वर्षाच्या आतच पुत्र मालेरावही गेलेला, अशा अवस्थेत अहिल्याबाई होळकरांनी १७६७ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, इंदूरच्या होळकर संस्थानचा कारभार शिरावर घेतला. ही कर्तबगारी एकाएकी उगवलेली नव्हती. चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावे, मोठा तोफखाना जवळ बाळगावा, दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेवर चौक्या बसवाव्या, असे हुकूम मल्हाररावांनी १७६५ साली त्यांनाच लिहून धाडले होते. पूर्वायुष्यातली उमेदवारीच उत्तरायुष्यात फळास आली.

गैरसमज : अर्थाचा शोध म्हणजे प्रपंचातून अंग काढून घेणे.
वस्तुस्थिती : अहिल्याबाईंइतकी धर्मनिष्ठा विरळा, पण फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांवर सोपवून त्या महेश्वरास मुलकी कारभार स्वतः पाहत, रयतेच्या फिर्यादी स्वतः ऐकत, आणि काशी, गया, सोमनाथ येथली धर्मकृत्ये दौलतीच्या खजिन्यातून नव्हे, तर आपल्या खासगीच्या उत्पन्नातून करीत. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली मांडले की पुढच्या पिढीची जोपासना हेच मध्यवयाचे मुख्य कार्य होय, आणि ते टळले की जीवन साचते. महेश्वरच्या दरबारात हे तत्त्व त्याआधी पावणेदोनशे वर्षे आचरणात होते.

गैरसमज : चाळिशीनंतर वाढ खुंटते.
वस्तुस्थिती : सिअ‍ॅटल येथे १९५६ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात आढळले की आकलनाची चपळाई लवकर ओसरू लागते, परंतु शब्दसामर्थ्य आणि तर्कशक्ती मध्यवयातच भरास येतात. इंदूरचाच दाखला घ्यायचा, तर १९२३ साली होळकर दरबाराच्या आश्रयास आलेले क्रिकेटपटू सी. के. नायडू १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार झाले, तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. आणि १९४५-४६ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा काढल्या, त्या पन्नाशी पूर्ण झाल्यावर. मुश्ताक अली, सरवटे यांच्यासारखे वयाने लहान खेळाडू त्यांच्याच हाताखाली खेळत होते.

म्हणून ‘मला काय मिळाले?’ याचा हिशेब मांडीत बसण्यापेक्षा, आपल्यापाशी साठलेल्या अनुभवाची आज नेमकी कोणाला निकड आहे हे शोधावे, आणि त्याच्यासाठी तो मुक्तहस्ते खर्च करावा. उत्तरार्धाला अर्थ येतो तो या जबाबदारीनेच.