रजा टाकून आघाडीवर

डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या आमच्या सोसायटीतली एक मुलगी पत्रकारिता शिकते. परवा जिन्यात भेटली. लोकलच्या गर्दीतून आलेली, खांद्यावर बॅग, केस घामाने चिकटलेले. "काकू, मला युद्धाच्या बातम्या करायच्यात," म्हणाली. मागून येणारी तिची आई भाजीची पिशवी खाली ठेवत म्हणाली, "अगं, तिथे बाईमाणसाची काय सोय असते?"

आईची काळजी खरी होती. पण नेमकं हेच कारण याआधी कितीजणींना ऐकवलं गेलंय, ते मला त्या मुलीला सांगायचं होतं. जिन्यात जमलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

1965 चं भारत-पाकिस्तान युद्ध. प्रभा दत्त दिल्लीच्या 'हिंदुस्थान टाइम्स'मध्ये बातमीदार होत्या. युद्धावर पाठवा, असं त्यांनी संपादकांना सांगितलं. नकार मिळाला. मग त्यांनी आईवडिलांना भेटायला म्हणून रजा टाकली, पंजाब गाठला आणि थेट खेमकरणच्या आघाडीवरून बातमीपत्रं पाठवायला सुरुवात केली. त्याच भागात, असल उत्तरला, आपल्या सैन्याने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रोखले. परमवीर अब्दुल हमीद तिथेच लढले. समोर आलेली बातमी इतकी खणखणीत होती की नकार देणाऱ्या कचेरीला ती छापावीच लागली. पुढे त्याच दैनिकात प्रभाताई मुख्य वार्ताहर झाल्या. फाशीची शिक्षा झालेल्या बिल्ला आणि रंगाची तुरुंगात मुलाखत घेता यावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1981 चा तो निकाल त्यांच्याच नावाने ओळखला जातो. 1984 मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने त्या गेल्या, तेव्हा त्यांची मोठी मुलगी जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती.

ती मुलगी म्हणजे बरखा दत्त.

1999 चा, कारगिल युद्धाचा जून आठवतो. आमच्या मजल्यावर केबल एकाच घरी होती. रात्री त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा आणि आत वीसेक माणसं श्वास रोखून द्रास बघत बसायची. सत्तावीस वर्षांची बरखा तोफांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची. कॅप्टन विक्रम बत्रा पहिल्यांदा आम्हाला दिसले ते तिच्याच मुलाखतीत. हसरे, दाढी वाढलेले, चोवीस वर्षांचे. 7 जुलैला ते गेल्याचं कळलं तेव्हा त्या घरातल्या आजी पदराने डोळे पुसत होत्या. घरचाच मुलगा गेला होता जणू. आणि बरखालासुद्धा आघाडीवर जाण्यापूर्वी काय ऐकावं लागलं होतं? तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह नाही! माझं मी बघून घेईन, असं म्हणून ती गेली.

स्वच्छतागृहाचीच एक जुनी गोष्ट आहे. जून 1944 मध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं, तेव्हा अमेरिकन वार्ताहर मार्था गेलहॉर्नला जायची परवानगी नव्हती. ती एका इस्पितळ-जहाजावर चढली आणि त्यातल्या बाथरूममध्ये स्वतःला कोंडून घेऊन बसली. जहाज निघाल्यावरच बाहेर आली. किनाऱ्यावर उतरली ती जखमींना आणणाऱ्यांबरोबर.

तिच्याही आधी, ऑगस्ट 1939 मध्ये, ब्रिटिश वार्ताहर क्लेअर हॉलिंगवर्थ गाडी घेऊन पोलंडची सीमा ओलांडून जर्मनीत गेली. नोकरीला आठवडासुद्धा झाला नव्हता. परतताना रस्त्याकडेला लावलेलं गोणपाट वाऱ्याने उडालं आणि पलीकडे ओळीने उभे असलेले रणगाडे तिला दिसले. दुसऱ्या महायुद्धाची चाहूल जगाला लागली ती त्या बातमीने. अशी नजर शिकवून येत नाही, पण नजर असलेल्या माणसाला तिथवर जाऊ तर दिलं पाहिजे.

धाडसापलीकडची एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. युद्ध घरात शिरतं तेव्हा ते बघायला तिथवर कोण पोचतं? बीबीसीच्या योगिता लिमये यांचं काम पाहा. आडनाव आपल्या ओळखीचं, कामाचा मुलूख अफगाणिस्तान आणि युक्रेन. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांनी हेरात शहराबाहेरच्या वस्तीतून बातमी दिली. भुकेल्या लेकरांना झोप लागावी म्हणून आईबाप त्यांना झोपेच्या गोळ्या देत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कीव्हजवळच्या एका खेड्यात रशियन सैनिकांनी अत्याचार केलेल्या स्त्रीचं म्हणणं त्यांनी जगासमोर आणलं. अशी गोष्ट कुणी पत्रकार परिषदेत सांगत नाही. अफगाण घरात तर परका पुरुष बायकांच्या खोलीपर्यंत जाऊच शकत नाही. बातमीदार बाई बैठकीत बसते आणि चुलीपाशीही बसते. ती तिथे गेली नसती तर युद्धाचा निम्मा हिशेब लागलाच नसता.

किंमत मोजावी लागते, हेही त्या मुलीपासून मी लपवणार नाही. युद्धवार्ताहर मेरी कोल्विनचा डावा डोळा 2001 मध्ये श्रीलंकेत गेला. काळी पट्टी बांधून ती पुढची अकरा वर्षं काम करत राहिली. 22 फेब्रुवारी 2012 ला सीरियातल्या होम्स शहरावर तोफगोळे पडत असताना ती मारली गेली. म्हणून नुसत्या हौसेने निघू नये. प्रथमोपचार शिकावेत, नकाशा वाचता यावा, जिथे जायचं तिथल्या भाषेतली चार वाक्यं तरी यावीत. दहाएक किलोचं चिलखती जॅकेट अंगावर घालून पळायची सवय करावी आणि ते जॅकेट स्वतःच्या मापाचं मागून घ्यावं.

बाकीचं मागणं मराठी संपादकांकडे आहे. आघाडीवर जाऊ का, असं विचारत कुणी मुलगी तुमच्या टेबलापाशी येईल. तिला विमा, हेल्मेट आणि परतीचं तिकीट देऊन पाठवा. तिला रजेचा अर्ज लिहायला लावू नका.